खंय म्हणजे कुठे

नववीत असताना मी एका बाईला बोलायला शिकवलं. ती माझ्या आईच्या वयाची होती आणि मी शिकवायला जाईपर्यंत तिचं बोलणं उत्तम चाललं होतं.

शाळेने प्रकल्प दिला होता. तिघींचा गट, तीन मिनिटांचा व्हिडिओ, विषय ‘आमच्या परिसरातील घरगुती उद्योग’. बोलणं प्रमाण मराठीत हवं, ही अट मराठीच्या बाईंनी फळ्यावर लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या. ज्या गटाचा व्हिडिओ पहिला येईल तो सावंतवाडीला स्पर्धेला जाणार होता. बाई स्वतः घरी, बाजारात, एसटीत अस्सल मालवणी बोलायच्या. वर्गाचा उंबरठा ओलांडला की मात्र त्यांच्या जिभेला इस्त्री व्हायची. फळ्याच्या एका बाजूला त्यांनी यादीच दिली. माका म्हणजे मला, तुका म्हणजे तुला, आसा म्हणजे आहे, खंय म्हणजे कुठे. यातला एक जरी शब्द व्हिडिओत ऐकू आला तर गुण कापीन, म्हणाल्या. मी यादी वहीत उतरवून घेतली. गुण कापून घ्यायची मला सवय नव्हती.

गटाची प्रमुख अर्थातच मी. मला कुणी निवडलं नव्हतं, पण मी असताना दुसरं कुणी प्रमुख होईल हे कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. फोनही माझाच, म्हणजे बाबांचा जुना. दुसरी मुलगी बाजारपेठेतली, तिच्या घरी इंटरनेट चांगलं चालायचं आणि तिला व्हिडिओ कापायचं, जोडायचं ॲप वापरता यायचं. तिसरी माझी बाकावरची मैत्रीण. पहिलीपासून आम्ही शेजारी बसत आलो होतो. तिला गटात घ्यायचं मुख्य कारण मात्र मैत्री नव्हतं. तिची आई घरी हिराचे खराटे बांधायची. माडाच्या पातीतून सुरीने हीर सोलून काढायचा, वाळवायचा, मुठीत धरून सुंभाने आवळायचा. पावसाळ्यात बाहेर कुठे जायला नको, घरबसल्या उद्योग मिळाला, म्हणून मी खूश होते.

मैत्रिणीचे वडील मुंबईला एका कॅन्टीनमध्ये होते. तीन चवथी, म्हणजे तीन गणपती, ते गावाला आले नव्हते. पहिल्या वर्षी रजा मिळाली नाही म्हणून कळवलं. दुसऱ्या वर्षी काहीच कळवलं नाही. तिसऱ्या वर्षी कुणाबरोबर तरी एक साडी पाठवली आणि ती पिशवी बघायला अर्धी वाडी गोळा झाली. आमच्याकडे माणूस मुंबईत काय करतो हे कुणी फारसं विचारत नाही. चवथीक इलो काय, म्हणजे आला का, एवढंच विचारतात. तीन वर्षं जो आला नाही त्याने तिकडे दुसरं घर केलं असणार, हे वाडीने परस्पर ठरवून टाकलं होतं. कुणी तोंडावर बोलत नसे. पण त्या दोघी मायलेकी पाणवठ्यावर आल्या की बायकांना एकदम आपापल्या घरची कामं आठवायची.

जुलैच्या सुरुवातीला गणिताच्या तासाला तिने मला कोपर मारलं.

“बाबा येतले हत,” ती वहीत बघत पुटपुटली. “तिकीट काढल्यानी हा. बाबांच्या खोलीतल्या काकांनी फोन करून सांगितल्यानी. दोघांचा एकाच डब्यात आसा.”

“खरा काय?”

“कोणाक सांगू नको. आयेन सांगितल्यान हा, इल्याशिवाय बोलूचा नाय.”

गणपतीच्या गाडीचं तिकीट म्हणजे साधी गोष्ट नव्हे. बुकिंग उघडतं आणि चुलीवरचा चहा उकळेपर्यंत संपतं. ज्याने ते मिळवलं त्याने पहाटेपासून जीव टांगणीला लावलेला असतो. म्हणजे त्या माणसाला खरंच यायचं होतं. तिला हे कळत होतं, मलाही कळत होतं. उरलेला तास तिने वहीत एकही गणित सोडवलं नाही.

शूटिंगला आम्ही ऑगस्टच्या पहिल्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. काकींनी, म्हणजे मैत्रिणीच्या आईने, मुंबईहून आलेली तीच साडी नेसली होती. मैत्रिणीने आईला पावडर लावली होती, ती जरा जास्तच झाली होती. मी त्यांना पडवीत पाटावर बसवलं, मागची बालदी हलवली, दोरीवरचे कपडे काढायला लावले. सासूबाई खोकत होत्या, त्यांना आतल्या खोलीत जायला सांगितलं. दुसऱ्याच्या घरात आजीला आत जा म्हणताना मला काडीचाही संकोच वाटला नाही. डायरेक्टर लोक असंच करतात, अशी माझी समजूत होती.

काकी काम करताना छान दिसत होत्या. हात आपोआप चालत होता, नजर इकडे तिकडे. प्रश्न विचारायला सुरुवात केली तेव्हा मी भाषेचं काही सांगितलंच नव्हतं. खराट्याला किती हीर लागतात, पाती कुठून आणता, वगैरे झालं. मग मी विचारलं, “घरी कोण कोण असतं?”

“मी आसंय, ह्या चेडू आसा,” त्यांनी लेकीकडे मान वळवली, “सासू आसा. मालक मुंबैक आसत.” आणि एकदम हात थांबवून त्यांनी थेट फोनकडे बघितलं. “यंदा चवथीक येतले खंय! तिकीट काढल्यानी हा खंय!”

आणि हसल्या. हीर धरलेला हात तोंडावर गेला. इल्याशिवाय बोलूचा नाय म्हणून लेकीला दटावणारी बाई स्वतःच बोलून मोकळी झाली होती.

आता इथे सांगायला हवं. आमच्या बोलीत खंय हा शब्द दोन कामं करतो. ‘खंय गेल्लंस?’ म्हटलं तर कुठे. आणि वाक्याच्या शेवटी अलगद येऊन बसला तर म्हणे. येणार आहेत म्हणे. कुणीतरी सांगितलं, कानावर आलं, खरं होवो. बाईंच्या यादीत पहिलाच अर्थ होता. दुसरा मला आईच्या मांडीवर असल्यापासून माहीत होता, पण हातात यादी असली की माणसाला तेवढीच दिसते.

“कट,” मी म्हटलं. “काकी, मुंबैक नाही, मुंबईला. आसत नाही, असतात. चवथ नाही, चतुर्थी. आणि खंय नाही, कुठे.”

“अगो, माका नाय जमाचा ता.”

“मला नाही जमायचं ते,” मी दुरुस्त केलं.

पुढचा तास मी त्या बाईचा छळ केला. दुसरा शब्द नाही. एक शब्द सुधारला की दुसरा घसरायचा. ‘मला’ आलं की ‘आसा’ यायचं, ‘आहे’ आलं की हातातला हीर चालायचा थांबायचा. मी पुन्हा पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावत होते. पावडर घामाने ओघळत होती, ती मैत्रीण आईच्या पदराने पुसत होती. काकी प्रत्येक वेळी विचारायच्या, “चुकलंय काय गो बाय?” आणि मी प्रत्येक वेळी सांगायची, हो, चुकलात. बाजारपेठेतली मुलगी तोंड फिरवून हसत होती. मीही एकदोनदा हसले. काकींना वाटलं आम्ही कौतुकाने हसतोय, म्हणून त्याही हसल्या.

शेवटी ते आलं. मान ताठ, हात मांडीवर, कविता पाठ म्हणावी तसा आवाज.

“माझे मालक मुंबईला असतात. यंदा चतुर्थीला येणार आहेत कुठे. तिकीट काढले आहे कुठे.”

“ओके!” मी ओरडले.

मैत्रीण कपाळाला आठ्या घालून उभी होती. “ता बरां वाटत नाय गो आयकाक,” ती म्हणाली.

“यादीप्रमाणे बरोबर आहे.”

“पण...”

“तुला काय कळतं? गेल्या चाचणीत व्याकरणात किती पडले तुला?”

ती खाली वाकून हीर गोळा करायला लागली. तिला किती पडले होते ते मला माहीत होतं, म्हणूनच मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी शाळेनंतर आम्ही दोघी बाजारपेठेतल्या घरी व्हिडिओ जोडायला बसलो. मैत्रिणीला खराटे पोचवायला जायचं होतं, ती आली नाही. ते वाक्य पहिल्यांदा स्पीकरवर वाजलं आणि बाजारपेठेतली पलंगावर आडवी झाली.

“येणार आहेत कुठे! अगं, ही स्वतःच सांगते, नवरा येणार कुठे! तिकीट काढलंय कुठे!”

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. खंयचा दुसरा अर्थ, काकींचा तोंडावर गेलेला हात, सगळं. ‘येणार आहेत म्हणे’ म्हणणारी बाई माझ्या शिकवणीमुळे ‘कसला येतोय तो’ असं म्हणत होती. मला कळलं, आणि मी इतकी हसले की पोटात कळ आली.

हे मी आज लपवणार नाही. चूक शूटिंगच्या वेळी झाली. ती चूकच होती, कुणाकडूनही झाली असती. त्या संध्याकाळी जे झालं ती चूक नव्हती. ते वाक्य खराट्यांच्या व्हिडिओत नकोच होतं. बोट लावून काढून टाकता आलं असतं. मी ते उचलून अगदी शेवटी नेलं. ‘कुठे’ या शब्दावर काकींचा चेहरा गोठवला, उघडं तोंड, ओघळलेली पावडर. त्यावर ॲपमधला एक ट्यँव असा आवाज टाकला. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘येणार आहेत कुठे?!’ प्रश्नचिन्ह माझं, उद्गारचिन्हही माझं. तोवर व्हिडिओ कंटाळवाणा वाटत होता, आता बघावासा वाटायला लागला. मला लोकांना हसवता येतं हे मला त्या संध्याकाळी नव्याने कळलं होतं, आणि त्याची चव मला आवडली होती.

शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीत मोठ्या टीव्हीवर सगळ्या गटांचे व्हिडिओ दाखवले. नववी-दहावी दाटीवाटीने खाली बसली होती. आमचा शेवट आला आणि खोली फुटली. पोरांनी फरशी बडवली. ‘पुन्हा, पुन्हा’ झालं. बाईंनी रुमालाने डोळे पुसले आणि खरोखर पुन्हा लावायला सांगितलं. त्यांनी एक मालवणी शब्द नाही म्हणून वर्गासमोर माझी पाठ थोपटली. मैत्रीण माझ्या शेजारी बसली होती. दोन्ही वेळा ती टीव्हीकडे न बघता माझ्याकडे बघत होती. मला तिचा राग आला. बक्षीस मिळणार होतं, त्यात तिचाही वाटा होता, मग असं बघायचं काय कारण?

आठवड्याभरात ते वाक्य गावात घुसलं. एसटी उशिरा आली की थांब्यावरची पोरं ओरडायची, “येणार आहे कुठे!” वीज गेली की तेच. कुणीतरी टीव्हीवरून शेवटचा तुकडा फोनवर घेतला होता. तो वाडीच्या ग्रुपवर गेला, वाडीच्या ग्रुपवरून मुंबईतल्या गाववाल्यांच्या ग्रुपवर. तिथे हसून लोळणारे चेहरे टाकायला माणसांना वेळच वेळ असतो.

पाच-सहा दिवसांनी मैत्रीण आमच्या घरी आली. शाळेत ती माझ्याशी बोलायची थांबली होती, म्हणून तिला अंगणात बघून मी दचकले. ती आत आली नाही. पागोळ्यांखाली छत्री मिटूनच उभी राहिली.

“बाबांचो फोन इल्लो,” ती म्हणाली. “आयेवर भडकले. म्हणतत, मी हयसून तिकीट काढून येतंय आणि तू गावाक गोळा करून माका हसतंस. माका नाय येवचा.”

मी दारातली चप्पल पायाने सरळ केली.

“आये सांगता, मी तसा नाय म्हटलंय. तेंका पटणा नाय. व्हिडिओत तिचोच आवाज आसा मां.” तिने नाक पुसलं. “पयलो घेतलेलो तो आसा ना तुझ्याकडे? मालवणीतलो. आये खुशीत बोललेली, तो. तो धाड बाबांका. आयकले की येतले. अजून धा-बारा दिवस आसत.”

तो होता. फोनमध्येच होता, आणि फोन माझ्या खिशात. धाडायला दोन बोटं पुरली असती. पण तो त्यांच्याकडे गेला की ग्रुपवर जाणार, ग्रुपवरून बाईंकडे. मग कुणी कापलं, कुणी प्रश्नचिन्ह टाकलं, कुणी ट्यँव वाजवलं, हे विचारलं जाणार. व्हिडिओ नुकताच सावंतवाडीला गेला होता.

“डिलीट झाला गो,” मी म्हटलं. “फोन फुल झाल्लो.”

“सगळो?”

“सगळो.”

तिने विश्वास ठेवला. हेच मला अजून पचत नाही. तिने माझ्यावर संशय घेतला असता, भांडली असती, आत घुसून फोन ओढला असता, तर मी रडून दिला असता, हे मला ठाऊक आहे. ती “बरां” म्हणाली, छत्री उघडली आणि गेली. मी घरात येऊन चहात बुडवून दोन बटर खाल्ले.

सावंतवाडीला आमचा दुसरा नंबर आला. ‘ग्रामीण स्त्रीचा खट्याळ विनोद सुंदर टिपला आहे,’ असं परीक्षकांनी लिहिलं होतं. बाईंनी ते प्रार्थनेनंतर वाचून दाखवलं. तिघींना प्रमाणपत्रं मिळाली. मैत्रिणीचं प्रमाणपत्र तिच्या बाकावर ठेवलं, ते तिने उचललं नाही. शेवटी शिपाईमामांनी झाडताना ते खिडकीत ठेवून दिलं.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी आई मला मैत्रिणीकडे दर्शनाला घेऊन गेली. मी पोट दुखण्याचं निमित्त सांगितलं होतं, पण आमच्याकडे गणपतीत एकमेकांच्या घरी जायचं टाळता येत नाही. पडवीत तिच्या वडिलांच्या मुंबईतल्या खोलीतले ते काका बसले होते. ते आदल्या दिवशी कुडाळला उतरून आले होते. कुणीतरी विचारलं तसं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दोघांचं तिकीट एकत्र होतं. मैत्रिणीच्या वडिलांनी बॅग भरली होती, लेकीसाठी घड्याळ घेतलं होतं. मग कॅन्टीनमध्ये तो व्हिडिओ पोचला. रोज जेवायला येणारी गाववाली माणसं ताट पुढे करून म्हणायला लागली, ‘काय रे, जातलंस खंय?’ चार दिवस त्यांनी ऐकून घेतलं, पाचव्या दिवशी बॅग उपसली. काकांच्या शेजारची जागा कुडाळपर्यंत रिकामी आली. उभ्याने प्रवास करणारी माणसं विचारत होती, त्यांनी कुणाला बसू दिलं नाही.

“पेणपर्यंत माका वाटत होता, खंयसून तरी चढात,” काका म्हणाले.

मैत्रीण दारात समई पुसत होती. मी जवळ गेले तशी मान वर न करता हळूच म्हणाली, “तुका म्हायत होता.”

“काय?”

“खंय म्हणजे काय ता.”

“नाय गो,” मी म्हटलं.

तिने समई पुसून आत नेली.

आईने गणपतीपुढे नारळ ठेवला आणि ती सासूबाईंजवळ बसली. काकींनी मला हाताला धरून माजघरात नेलं. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाटावर बसवलं, पानात करंजी वाढली आणि समोर बसल्या. डोळे सुजलेले होते, पण आवाज साधा होता.

“माझा खंय चुकला ता माका सांग बाय,” त्या म्हणाल्या. “तुया शिकवलंस तसाच बोललंय. एक शब्द इकडचो तिकडे केलंय नाय. मग तेंका राग कित्याक इलो?”

सांगायची हीच वेळ होती. काकी, तुमचं काही चुकलं नाही, मी चुकीचं शिकवलं, मला कळलं तेव्हा मी हसले, आणि तुमचा खरा व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. एवढी चार वाक्यं. ती मनात जुळून तयार होती. बाहेर माझी आई बसली होती, काका बसले होते, निम्मी वाडी येत-जात होती.

“शेवटचा शब्द चुकला, काकी,” मी म्हटलं. “तिथे कुठे नाही, म्हणे म्हणायला हवं होतं.”

“म्हणे,” त्या म्हणाल्या. मग ओठ हलवून मनाशी दोनदा म्हटलं. “म्हणे. असा आसा होय. माका म्हायतच नाय. शाळा नाय ना झाली.” त्यांनी पदराने तोंड पुसलं, केस सारखे केले. “फोन आसा मां तुझ्याकडे? पुन्हा काढ. बरोबर बोललंय की धाड तेंका.”

मी फोन काढला. मला नाही म्हणता आलं नाही. त्या भिंतीला पाठ लावून बसल्या, हात मांडीवर ठेवले, मी शिकवली होती तशी मान ताठ केली. मी बटण दाबलं. त्यांनी एक श्वास घेतला.

“माझे मालक मुंबईला असतात. यंदा चतुर्थीला येणार होते म्हणे. तिकीट काढले होते म्हणे.”

‘होते’ मी सांगितलं नव्हतं. तेवढं त्यांनी स्वतःहून बदललं होतं.

“बरोबर?” त्यांनी विचारलं.

“बरोबर, काकी,” मी म्हटलं.